पाहुण्यांचं मीठ

मंजूचा फोन आला तेव्हा मी लाखनीत हमरस्त्यावरच्या एका दुकानात पंखा दुरुस्त होण्याची वाट पाहत उभा होतो. मागून ट्रकांची रांग चालली होती, त्यामुळे ती काय म्हणते ते ऐकू येईना. "काका, आत्या गेली," ती दुसऱ्यांदा म्हणाली. मग तिसऱ्यांदा, जरा ओरडून. दुकानदाराने माझ्याकडे पाहिलं, पंखा बाजूला ठेवला आणि स्टूल पुढे सरकवलं. मी बसलो. आत्या म्हणजे डॉ. कुंदा गभणे, मोहाडी तालुक्यातल्या करडीची, शाळेत माझ्या वर्गात असलेली, माझी उभ्या आयुष्याची मैत्रीण. आजारी होती, नागपूरच्या दवाखान्यात होती, हे ठाऊक होतं. पण ठाऊक असण्याचा अशा वेळी काडीचा उपयोग होत नाही, एवढंच त्या स्टुलावर कळलं.

आठवड्याभराने भंडाऱ्यात शोकसभा झाली. मंचामागच्या फलकावर कुंदाचा फोटो होता, खाली 'भूमिकन्या' आणि 'थोर अणुशास्त्रज्ञ' अशी बिरुदं होती, आणि तिच्या डोक्यामागे, देवाच्या तसबिरीत प्रभावळ असते तसा, अणुबॉम्बच्या स्फोटाचा छत्रीसारखा ढग छापला होता. एका वक्त्याने सांगितलं की देशाच्या संरक्षणासाठी तिने जे केलं ते उघड करता येणार नाही. उघड करता आलं नसतं हे खरंच, कारण तसं काही नव्हतंच. कुंदाने आयुष्यात दिवाळीचा फटाकासुद्धा कधी उडवला नाही. कुत्री घाबरतात म्हणायची. नोकरीची सगळी वर्षं तिने मुंबईच्या एका अणुभट्टीजवळ बसून दुधात, भातात, केसांत, माणसाच्या लघवीत क्लोरिन किती, ब्रोमिन किती, आयोडिन किती, फ्लोरिन किती, हे मोजलं. हे चौघे एकाच घराण्यातले. त्यांना हॅलोजन म्हणतात. मी त्यांना 'तुझी चार भावंडं' म्हणायचो आणि ती म्हणायची, "हो मास्तर, आणि चौघांचे चार स्वभाव."

मी इतिहासाचा प्राध्यापक. लाखनीच्या कॉलेजात राजवंश शिकवून निवृत्त झालो. भव्यतेच्या गोष्टी सांगून पोट भरलं असल्यामुळे भव्यतेबद्दल मला मुळातच संशय आहे. 'थक्क झालो' हे वाक्य मी विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकेत लाल शाईने खोडत असे. तरीही मुंबईला तिच्या प्रयोगशाळेत एकदा गेलो त्या दुपारी मी थक्क झालो होतो, हे इथे लिहून टाकतो. खोडायला ती नाही.

अणुभट्टी मला कोणी दाखवली नाही, ती दाखवतही नाहीत. मला दिसली ती शेजारची मोजणीची खोली. शिशाच्या विटा रचून केलेली एक छोटीशी गुहा, तिच्यात बोटभर जाडीचा एक स्फटिक, आणि त्याला थंड ठेवण्यासाठी खाली नायट्रोजनची टाकी, जिच्या तोंडातून थंडीतल्या म्हशीच्या नाकपुडीसारखी वाफ निघत होती. कुंदाने मला समजावलं ते असं. भाताची चिमूटभर पूड प्लास्टिकच्या डबीत घालायची. हवेच्या दाबाने ती डबी नळीतून अणुभट्टीत पाठवायची. आत न्यूट्रॉनांचा मारा असतो. पुडीतल्या अणूंपैकी एखादा न्यूट्रॉन गिळतो, आणि गिळला की अस्वस्थ होतो. डबी परत आली की तो अस्वस्थ अणू शांत होताना एक किरण सोडतो, आणि प्रत्येक मूलद्रव्याच्या किरणाची ताकद ठरलेली असते. "म्हणजे प्रत्येक जण आपलं नाव सांगून गप्प होतो," ती म्हणाली. "आपण फक्त ऐकायचं."

पण ऐकणं सोपं नव्हतं. जिवंत वस्तूत मीठ फार. सोडियम आणि क्लोरिन इतके आरडाओरडा करतात की आयोडिनची कुजबुज त्यात बुडून जाते. आठवडी बाजारात भोंगा लावून साड्या विकणाऱ्यापलीकडे कोणी म्हातारी बारीक आवाजात तीळ विकत बसावी, आणि आपल्याला तिचाच भाव ऐकायचा असावा, तसं. शिवाय आयोडिनला वेळ नसतो. पंचवीस मिनिटांत त्याचा निम्मा आवाज सरतो. म्हणून डबीला एक धातूचं कवच घालतात. ते मंद न्यूट्रॉन अडवतं आणि वेगवान तेवढे आत सोडतं, कारण आयोडिनला वेगवान पकडायची हौस जास्त. मंद बंद झाले की भोंगा खाली येतो. मग पडद्यावर एक बारीकशी शेंडी उगवते... धानाच्या बांधीत एकटं शिंदीचं झाड उभं असावं तशी. कुंदाने तिच्यावर बोट ठेवलं. "हे बघ. हे आयोडिन आपल्या करडीच्या भातातलं आहे." आमच्या गावच्या तळ्याखालच्या धानाच्या एका दाण्यात काय दडलं आहे, ते मुंबईतल्या एका स्फटिकाला ऐकू येत होतं. तिने विचारलं, "काय झालं, मास्तर?" मी म्हणालो, "पाणी आहे का?"

आता ज्या गोष्टीसाठी हे लिहायला बसलो, ती सांगतो. वीसेक वर्षं झाली असतील. कुंदाचा पाठचा, तिच्याहून बराच लहान भाऊ देवराव करडीतच शेती करायचा. त्याची बायको सिंधूवहिनी. त्यांचा पहिला मुलगा गजू जन्मतः ऐकू न येणारा निघाला, त्यामुळे बोलणंही आलं नाही. पोरगा चलाख, नजरेने सगळं ओळखणारा; पण कुंदाची आई, जिला आम्ही सगळे माय म्हणायचो, तिने हा दोष सुनेच्या खात्यावर मांडून ठेवला होता. "तिच्या माहेरीच खोट हाय," हे वाक्य त्या घरात पाण्यासारखं वापरलं जायचं. वहिनीचा गळा थोडा सुजलेला दिसायचा. त्यावरही माय म्हणायची, "दागिना देल्ला हाय देवानं." मग वहिनीला दुसऱ्यांदा दिवस गेले. कुंदाने गळा पाहिला, गजूकडे पाहिलं आणि तिच्या मनात आयोडिन आलं. आईच्या पोटात असताना मुलाला ते पुरेसं मिळालं नाही तर त्याची वाढ बिघडू शकते, कानांवरही परिणाम होऊ शकतो. दुसऱ्या मुलाच्या बाबतीत हे खरं ठरणार का, आणि ठरणार असेल तर वेळेत कळणार का, हा प्रश्न होता.

तिने आपल्या कचेरीकडून करडीच्या आसपासच्या घरांची पाहणी मंजूर करून घेतली. पद्धत अशी की प्रत्येक घराने त्या दिवशी जे रांधलं असेल त्याचं एक पान जास्तीचं वाढायचं आणि ते प्लास्टिकच्या डब्यात घालून द्यायचं. जे तुम्ही खाता, तेच, तेवढंच. शिवाय घरातल्या एका बाईने सकाळची लघवी बाटलीत द्यायची. घरं माहीत असलेला माणूस म्हणून मी रजा काढून बरोबर हिंडलो. डब्यांना कोणाची हरकत नव्हती. बाटल्यांनी मात्र गाव हसून बेजार झालं. "मुंबईत तिकडं लघवी नाई भेटत का वं बाई?" एका आजीने कुंदाला विचारलं. "भेटते आजी, पण तुमच्यासारखी अस्सल नाई भेटत," कुंदा म्हणाली. आजीने पदर तोंडाला लावला आणि बाटली घेतली. दुसरीकडे एक गृहस्थ मला बाजूला घेऊन म्हणाले, "सर, तुमी प्रोफेसर माणूस, हे काहून करून रायले?" मी त्यांच्याही हातात एक बाटली दिली.

ताटांचे आकडे आधी आले, कारण मध्येच अणुभट्टी देखभालीसाठी बंद झाली आणि बाटल्या मागे राहिल्या. ताटं उत्तम होती. आयोडिन पुरेसं, गभण्यांच्या घरचं तर चांगलंच पुरेसं. कुंदाने फोनवर घरी तसं सांगितलं, सगळ्यांना हायसं वाटावं म्हणून. मायने त्या शास्त्राचा अर्थ लगेच लावला. मी त्या दिवशी करडीला गेलो होतो, तर अंगणात शेजारणींसमोर तिचं चालू होतं. "मुंबईच्या मशिनीनं सांगतलं, आमच्या घरात कायचीच कमी नाई. कमी हाय ते हिच्यात हाय." वहिनी गोठ्याकडे जाता जाता थांबली आणि पुन्हा चालू लागली. ती काही म्हणाली असती तर मला बरं वाटलं असतं. मी कुंदाला कळवलं. ती म्हणाली, "म्हणजे माझ्या आकड्यांनीच तिला फाशी दिली..."

बाटल्यांचे आकडे आले तेव्हा ते ताटांशी जुळेनात. ताटात आयोडिन भरपूर आणि लघवीत नावापुरतं. जे खाल्लं ते शरीरातून थोड्याफार फरकाने बाहेर दिसायला हवं. साहेब मंडळींनी मार्ग सुचवला की बाटल्या खेड्यातल्या आहेत, नीट जपल्या गेल्या नसतील, त्या वगळाव्यात. ताटांचे आकडे देखणे आहेत, तेवढेच द्यावेत, कारण जिल्ह्यात निष्कर्ष जाहीर करण्याचा समारंभ ठरला आहे आणि पाहुण्यांची तारीखही मिळाली आहे. तारीख मिळाली की आपल्याकडे सत्याने वेळेवर हजर राहायचं असतं. कुंदा म्हणाली, पंधरवडा द्या.

तिने ब्रोमिनला विचारायचं ठरवलं. चार भावंडांतलं हे सावकाश बोलणारं. मोजायला बसलं की आधी सोडियम-क्लोरिनचाच गलका. पण त्यांना थकू द्यायचं. क्लोरिन त्याच दिवशी गप्प होतं, सोडियम काही दिवसांनी, आणि मग त्या शांततेत ब्रोमिनचा आवाज उरतो. ती तेवढे दिवस थांबली. मग ताट आणि बाटली शेजारी शेजारी ठेवून पाहिली. क्लोरिन सांगतं मीठ किती. आयोडिन सांगतं ते आयोडिन घातलेलं आहे की नाही. आणि ब्रोमिन सांगतं मीठ धुऊन शुद्ध केलेलं आहे की समुद्राच्या आगरातून तसंच ढिगाने उचललेलं, कारण कच्च्या मिठात ब्रोमिन जास्त राहतं. ताटात ब्रोमिन थोडं होतं, म्हणजे दुकानातल्या बंद पुडीचं, आयोडिन घातलेलं शुद्ध मीठ. बाटलीत ब्रोमिन जास्त होतं, म्हणजे कच्चं खडेमीठ. ताटात एक मीठ आणि अंगात दुसरं! घरोघर तेच. तिने मला फोन केला आणि विचारलं, "मास्तर, आपल्याकडे घरात मीठ किती प्रकारचं असतं?" मी म्हणालो, "मिठाचे कुठे प्रकार असतात?" पुरुष माणसाला स्वयंपाकघराबद्दल विचारण्यात अर्थ नाही हे तिला लगेच पटलं आणि ती दुसऱ्या गाडीने निघाली.

भंडारा रोड स्टेशनवरून मी तिला करडीला घेऊन गेलो. ती चपला काढून थेट चुलीपाशी गेली. वहिनी भाकरी थापत होती. कुंदा पाटावर बसली आणि जणू काही सहज, "वहिनी, त्या डब्यात तू मीठ कोणतं टाकलं होतंस?" असं विचारलं. वहिनीचा हात थांबला. ती दाराकडे पाहू लागली, जिथे माय उभी होती.

"पुडीचं," वहिनी म्हणाली.

"आणि तुम्ही कोणतं खाता?"

"खड्याचं. बाजारातलं. गोठ्यातबी तेच लागते."

"मग डब्यात काहून नाही घातलं तेच? मी सांगितलं होतं ना, जे खाता ते द्या."

वहिनीला हा प्रश्नच कळला नाही असं मला दिसलं. "ताई, तो डबा मुंबईले चालला होता," ती म्हणाली. "मोठमोठे लोक उघडून पाहणार. पावण्याचाच डबा झाला न तो. पावण्याले कोणी खड्याचं मीठ घालते का? घराची लाज हाय." मग जरा थांबून म्हणाली, "तुमालेबी आमी कधी घातलं नाई."

हे ऐकलं आणि कुंदाचा चेहरा... मी तिला परीक्षेत पहिली येताना पाहिलं आहे, वडिलांच्या सरणापाशी पाहिलं आहे, पण असा चेहरा पाहिला नव्हता. ती शाळेसाठी म्हणून लहानपणीच घराबाहेर पडली होती. सुट्टीत यायची तेव्हा तिच्यासाठी फळीवरचा चांगल्या मिठाचा डबा खाली यायचा. इतक्या वर्षांत आपल्याच घरात ती पाहुणी झाली होती आणि हे तिला सांगितलं ते तिच्या त्या चार भावंडांपैकी सगळ्यात सावकाश बोलणाऱ्या ब्रोमिनने. आणि ही वहिनी, जिच्यावर सगळा ठपका होता, तिने त्याच घराची लाज राखायला चिमूटभर चांगलं मीठ टाकून स्वतःविरुद्ध साक्ष तयार केली होती.

"माय," कुंदा दाराकडे न बघता म्हणाली, "घरात कमी नाही असं म्या सांगतलं होतं ते चूक होतं. कमी मिठात होती. हिच्यात काही नाही. तुह्यातही नाही. तुले कोणी सांगतलंच नव्हतं."

माय म्हणाली, "म्या सून आली तवापासून बोलून रायली..." आणि वाक्य तसंच सोडलं. मग ती म्हातारी आत आली, चुलीमागचं खडेमिठाचं मडकं उचललं आणि कोणालाही हात लावू न देता गोठ्यात नेऊन ठेवलं. तिने माफी मागितली नाही. त्या पिढीच्या सासवांना ती येत नसे. पण फळीवरचा डबा तिने स्वतः काढून चुलीपाशी ठेवला, आणि त्या संध्याकाळी सुनेला आपल्याआधी जेवायला बसवलं. वहिनीने दोन घास खाल्ले आणि रडू आवरेना म्हणून ती उठायला लागली, तर माय म्हणाली, "खाऊन घे. मंग रड."

समारंभ मात्र ठरल्या तारखेला झाला. शाल, श्रीफळ, आणि पाहुण्यांचं अणुयुगावर दीर्घ भाषण. कुंदा उठली आणि म्हणाली, "आमचे पहिले निष्कर्ष चुकीचे आहेत. आम्ही लोकांकडे त्यांचं जेवण मागितलं होतं, त्यांनी आम्हाला पाहुणचार दिला." पाहुण्यांना हे स्वागतपर वाटलं आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या, म्हणून सगळ्यांनी वाजवल्या. नंतर ती गावागावांत पुन्हा गेली, या वेळी डबे न देता, थेट चुलीपाशी बसून मडक्यातलं मीठ घ्यायला. तिकडे भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी वहिनीचे उपचार सुरू केले. महिने कसे गेले ते त्या घराने मोजले नाहीत, पण गर्भारबाईचा गळा सगळे रोज चोरून बघायचे.

मुलगी झाली. सुईणीने रिवाजाप्रमाणे काशाची थाळी वाजवली आणि ते पोर दचकून असं किंचाळलं की अंगणात बसलेल्या देवरावने डोकं गुडघ्यात घातलं. मायने सांगितलं, "आणखीन वाजव." थाळी वाजत राहिली आणि पोरगी रडत राहिली, आणि कोणी तिला उगी करेना. हीच मंजू. आज ती बोलायला लागली की थांबत नाही. गजू तिच्या ओठांकडे बघून हसतो आणि कानावर हात ठेवून दाखवतो, की माझं नशीब चांगलं.

मी एकदा कुंदाला म्हणालो, म्हणजे तुझ्या ब्रोमिनने पोरगी वाचवली. ती चिडली. "असं लिहू-बिहू नकोस कुठे. गजूचं कशाने झालं हे मी खात्रीने सांगू शकत नाही, आणि मंजू ऐकते ते मिठामुळेच असंही म्हणणार नाही. एका पोरीवरून शास्त्र होत नसतं."

"मग?"

"मग काय... आनंद होतो," ती म्हणाली आणि चष्मा पुसू लागली.

तिची तेरवी करडीला झाली. अंगणात मांडव, पंगतीला पुरी, वडे, बुंदी, सगळं रीतसर. माय जाऊन बरीच वर्षं झाली; आता घर वहिनीच्या हातात आहे. आत देवघराच्या खोलीत तिने कुंदासाठी पान वाढलं होतं. मी दारातून पाहिलं. पत्रावळीवर भात होता, लाखोळीच्या डाळीचं वरण, वांग्याची भाजी, जवसाची चटणी. बस. एक चुलत सासू बुंदीचं भांडं घेऊन आत आल्या आणि थबकल्या. "अवं सिंधू, मेल्या माणसाच्या पानावर गोड नाई? वडा नाई? लोक काय म्हणतीन?"

"सकाळी आमी जे खाल्लं तेच वाढलं, काकी," वहिनी म्हणाली. "ताईच्या पानावर येगळं नाई वाढता येत. तिले समजते."

काकींनी पानाकडे पाहिलं, मग वर आढ्याकडे. आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, "आताबी?"

"तवा मुंबईत बसून समजलं होतं," वहिनी म्हणाली.

काकींनी पळीत घेतलेली बुंदी परत भांड्यात टाकली. मेलेली माणसं जेवायला येतात यावर माझा विश्वास नाही, आणि कुंदाचा तर नव्हताच. बाहेरून माझ्या नावाने हाका चालल्या होत्या. पाहुण्यांची पंगत बसली होती आणि माझं पान मांडून ठेवलं होतं. मी आत कुंदाच्या पानाजवळ भिंतीला टेकून बसलो आणि वहिनीला म्हणालो, मलाही सकाळचंच वाढा.